चांगल्या मनाच्या मित्रांमुळे अभ्यास मोडतो आहे. खोली सोडावी का?

प्रश्न

मी मूळचा जालना जिल्ह्यातला असून गेली अडीच वर्षे पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतो आहे. खोलीत आम्ही चौघे आहोत. तिघेही निर्व्यसनी आहेत आणि अडीअडचणीला धावून येणारे आहेत. गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला तेव्हा त्यांनी पाच रात्री आळीपाळीने दवाखान्यात जागून काढल्या. तथापि सायंकाळी अभ्यासिकेतून चहासाठी उठलो की दीड-दोन तास टपरीवरच जातात, आणि जाहिरात कधी निघणार, जागा किती येणार, कट-ऑफ कुठे थांबणार, याखेरीज तिथे विषय निघत नाही. घरून सोयाबीनच्या पैशांतून खर्च येतो, त्यामुळे रात्री झोप लागत नाही. वाईट संगत टाळावी हे मलाही कळते, परंतु या संगतीला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. मित्र कोणत्या कसोटीवर निवडावेत, आणि खोली सोडणे हा कृतघ्नपणा ठरेल का?

पहिला प्रतिसाद

मी याच पेठेत चार वर्षे काढली असून सध्या महसूल खात्यात नोकरीला आहे. आपण जिवाचे मित्र आणि अभ्यासाचे सोबती ही दोन नाती एकाच माणसात शोधत आहात, आणि माझ्या मते घोळ तिथेच आहे. मुख्य परीक्षा बहुपर्यायी होती तोवर उत्तरतालिका समोर ठेवून आपले गुण आपणच मोजता येत असत. 2025 पासून ती वर्णनात्मक झाली, लेखी परीक्षेला 1750 आणि मुलाखतीला 275 गुण आले, आणि आपण लिहिलेले उत्तर दुसऱ्या कोणी वाचल्याशिवाय त्यातली उणीव दिसेनाशी झाली. म्हणून मी एकच कसोटी सुचवेन: आपले उत्तर वाचून ‘प्रश्न सिंचनाच्या परिणामांचा होता, तू इतिहास लिहिलास’ असे तोंडावर सांगणारा, आणि स्वतःची वही तितक्याच मोकळेपणाने आपल्या हाती देणारा माणूस शोधावा. ‘मस्त लिहिलंय’ म्हणून वही परत करणारा कितीही प्रेमळ असला तरी या कामाचा नाही. असे दोघे मिळाले तरी पुष्कळ झाले. खोली मात्र सोडू नये. चहाची वेळ तेवढी बदलावी.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी अंशतःच सहमत आहे, कारण वह्या तपासून घेण्यापुरता जोडलेला मित्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी ओळख विसरतो. मी निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे दाखला जुना देतो. टिळक आणि आगरकर यांची मैत्री डेक्कन कॉलेजात जुळली. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात, दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. पुढे आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकारण या प्रश्नावर ते इतके दुरावले की आगरकरांनी 1887 मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. वाद कटू होता, हे खरेच. तरीही समोर तोलामोलाचा माणूस असल्यामुळे दोघांनाही आपापली भूमिका घासूनपुसून मांडावी लागली. आपल्या टपरीवर मतभेद होतो का, की चौघे मिळून आयोगाला नावे ठेवता? एकमत फार झाले की सावध व्हावे.

तिसरा प्रतिसाद

मी स्वतः परीक्षार्थी आहे. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याचे उदाहरण सगळे देतात, पण आपण प्रत्येक जण स्वतःला पवळ्याच समजतो. त्या तिघांच्या घरी आपण ढवळ्या ठरत असाल, ही शक्यता विचारात घेतली आहे का? दीड तास बसणाऱ्यांत आपणही असताच. माझ्या मैत्रिणीने मला ‘आणखी किती प्रयत्न देणार, आणि त्यानंतर काय?’ असे विचारले तेव्हा मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. नंतर मात्र एका कागदावर वर्ष लिहून तो तिच्याचकडे ठेवायला दिला.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. तिसरा प्रतिसाद वाचून आधी राग आला, हे कबूल करतो. काल रात्री मी माझी वही खोलीतल्या तिघांपुढे ठेवली. दोघांनी चाळून परत दिली. तिसऱ्याने, ज्याच्याकडून मला मुळीच अपेक्षा नव्हती, पेन्सिल मागितली आणि पहिल्याच उत्तराची अर्धी प्रस्तावना खोडली. खोली तूर्त सोडत नाही.