मुंबई हायच्या चुनखडकात तेलाला जागा कोठून मिळाली?

प्रश्न : कातळवाट

मी भूशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या अभ्यासक्रमात मुंबईजवळच्या समुद्रातील मुंबई हाय या तेलक्षेत्राविषयी एवढेच येते की १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम-मंचावरून खोदलेल्या विहिरीत तेल लागले आणि ते मुख्यतः मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात आहे. वालुकाश्मात कणांच्या मधल्या फटींत तेल राहते हे समजते. परंतु चुन्याच्या बारीक चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकात ते मावते कोठे? शिवाय, गाळाच्या खडकावरून प्राचीन पर्यावरण ओळखणे, ज्यावर आमचे अर्धे सत्र खर्च होते, त्याचा तेल शोधणाऱ्याला प्रत्यक्ष उपयोग होतो का?

उत्तर : गाभानिरीक्षक

दुसऱ्या शंकेच्या उत्तरातच पहिलीचे उत्तर आहे. मुंबई हायचा मुख्य तेलधारक भाग, ज्याला तेथे काम करणारे ‘एल-थ्री’ म्हणतात, तो समुद्रतळाखाली साधारण १३०० ते १४०० मीटरांवर आहे. मात्र तो एकसलग चुनखडक नसून चुनखडकाचे अनेक थर आणि त्यांच्या मधल्या शेलच्या (चिखलापासून बनलेल्या, पापुद्र्यांच्या खडकाच्या) पातळ पट्ट्या यांची आळीपाळीने झालेली रचना आहे, आणि ही आळीपाळी म्हणजे समुद्रपातळीच्या चढउतारांची नोंदच होय. समुद्र उथळ आणि पाणी नितळ असताना शैवाले, फोरॅमिनिफेरा (कवचधारी एकपेशीय जीव) आणि शंखशिंपले यांचा चुना साचत गेला, आणि पातळी उतरली की मुंबई हायचा हा समुद्रतळावरील उंचवटा उघडा पडून त्यावर पाऊस पडू लागला. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. अ‍ॅरॅगोनाइट आणि कॅल्साइट ही दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच खनिजे, पण त्यात शिंपल्यांची अ‍ॅरॅगोनाइटची कवचे आधी विरघळतात आणि फोरॅमिनिफेराची कॅल्साइटची कवचे त्यामानाने टिकून राहतात.

निळा रंग मिसळलेले रेझिन भरून केलेली थिन सेक्शन (खडकाची प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ चकती) सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर शिंपल्याची बाह्यरेषा तंतोतंत शाबूत दिसते, पण आत कवचाऐवजी नुसता निळा रंग असतो. तेलाला मिळालेली जागा ती हीच. म्हणजे येथील बरीचशी सच्छिद्रता खडक साचताना आलेली नाही, ती नंतर घडलेली आहे. त्यामुळे उंचवट्याचा कोणता भाग केव्हा उघडा पडला हे ज्याला वाचता येते, त्याला पुढची विहीर कोठे घ्यावी याविषयी काही तरी ठोस सांगता येते.

तेल मात्र या चुनखडकात तयार झालेले नाही. पॅलिओसीन ते प्रारंभिक इओसीन काळातील, म्हणजे मायोसीनच्या बऱ्याच आधीच्या, पन्ना फॉर्मेशनमधील (या नावाच्या थरसमूहातील) शेल आणि कोळसा आजूबाजूच्या खोल भागांत गाडले जाऊन तापले, तेथून तेल वर सरकत या उंचवट्याशी आले आणि वरच्या शेलने ते अडवून धरले.

उत्तर : खाडीकाठ

वरील विवेचन योग्य आहे, तरी ‘उघडा पडला म्हणजे सच्छिद्र झाला’ असे समीकरण मनात बसू नये. जे पाणी एका ठिकाणी चुना विरघळवते, तेच थोडे पुढे जाऊन कॅल्साइट सोडते आणि आधीच्या पोकळ्या बुजवते. एकाच कोअरमध्ये (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलात) हातभर अंतरात दोन्ही प्रकार सापडू शकतात. दुसरे असे की सच्छिद्रता आणि पार्यता (खडकातून द्रव वाहू देण्याची क्षमता) या वेगळ्या बाबी आहेत. एकमेकांशी न जोडलेल्या पोकळ्यांत तेल भरपूर असले, तरी ते विहिरीपर्यंत वाहत नाही, आणि हे केवळ लॉग (विहिरीत सोडलेल्या उपकरणांच्या नोंदी) पाहून कळत नाही, कोअरचे तुकडे प्रयोगशाळेत तपासावे लागतात. याउलट एखादा पातळ थर फारच पार्य असला, तर दाब टिकवण्यासाठी खाली सोडलेले पाणी त्या वाटेने तेलाच्या आधीच उत्पादन विहिरीत पोहोचते. माझ्या मते या क्षेत्राची खरी डोकेदुखी तेल शोधण्यात नसून या थराथरांतील फरकांत आहे.

जाता जाता : दख्खनच्या बेसाल्टमुळे महाराष्ट्रात गाळाचे खडक अभ्यासायला मिळत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. पण वरळीला बेसाल्टच्या प्रवाहांमध्ये अडकलेल्या गोड्या पाण्यातील गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत.

कातळवाट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो : खूप खोलवर गाडले गेल्यानंतरही गरम, आम्लधर्मी द्रवांमुळे चुनखडक विरघळतो असे वाचले आहे. मग एखादी पोकळी पावसाने केली की खोलवरच्या द्रवाने, हे कसे ठरवतात?

उत्तर : गाभानिरीक्षक

कोणत्याही एका पुराव्यावर विसंबून ठरवत नाहीत. पावसाचे पाणी बहुधा निवडून विरघळवते, म्हणजे कवच जाते आणि भोवतालचा भाग राहतो. खोलवरचा द्रव कण, त्यांना जोडणारे कॅल्साइट आणि दाबाखाली खडक विरघळून झालेल्या दातेरी रेषा, म्हणजे स्टायलोलाइट, या सर्वांना आरपार छेदून जाऊ शकतो. स्टायलोलाइट पुरेसे गाडले गेल्यावरच होत असल्याने, त्याला छेदणारी पोकळी त्याच्या नंतरची, हा क्रम निश्चित धरता येतो. उघड्या पडलेल्या पृष्ठभागाखाली मुळांच्या खुणा किंवा जुनी माती सापडते, कणांच्या खालच्या बाजूस थेंबासारखे लोंबलेले कॅल्साइट दिसते, आणि मातीतील सेंद्रिय कार्बन मिसळल्याने जड कार्बन समस्थानिकाचे (कार्बन-१३चे) प्रमाण पृष्ठभागाकडे घटत गेलेले आढळते. यांपैकी दोन-तीन खुणा एकाच पातळीवर जुळल्या, तरच मी अहवालात ‘उघडा पृष्ठभाग’ असे लिहितो.

शक्य झाल्यास पश्चिम कच्छमध्ये जाऊन या. तेथील फुलरा चुनखडकात न्युम्युलाइटच्या (मोठ्या आकाराच्या फोरॅमिनिफेराच्या) नाण्यांसारख्या चकत्या हाताने वेचता येतात. तो मध्य इओसीनचा, म्हणजे ‘एल-थ्री’पेक्षा बराच जुना असून मुंबईजवळच्या समुद्राखालील बसीन फॉर्मेशनशी त्याची तुलना अधिक योग्य ठरते, मायोसीनसाठी खारी नदी आणि छासरा येथील थर पाहावेत, मात्र तेथे चिकणमाती व गाळवट खडक अधिक भेटतील. सोबत दहापट भिंग आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली ठेवा, आणि नमुना फोडण्यापूर्वी त्याची वरची बाजू कोणती हे त्यावर बाणाने नोंदवा, कारण ती खूण नसेल तर लोंबलेले कॅल्साइट कोणत्या बाजूस आहे हे नंतर सांगता येत नाही.