आधी उलट बाजूचा फोटो पाठव

(घरच्या ग्रुपवरची शनिवारची चर्चा. नावं आमच्या फोनमध्ये सेव्ह आहेत तशीच.)

जळगाव वहिनी: सगळ्यांना नमस्कार. नव्या घराचं फर्निचर संपत आलंय. इंटिरियरवाल्याने हॉलसाठी जुना पर्शियन गालिचा आणि कोपऱ्यात छोटं बार युनिट सुचवलंय. एका विक्रेत्याने दोन गालिचे आणि एक डिकँटर सेट (दारू ओतून ठेवायची काचेची सुरई, ग्लास आणि ट्रे) बघायला म्हणून घरी ठेवलाय. पैसे अजून दिले नाहीत, उद्या उत्तर द्यायचंय. गालिचा १२० वर्षांचा आहे म्हणतो. फोटो टाकलेत. आत्या, तुम्ही बघा ना.

माई: बार म्हणजे काय गं? घरात?

जळगाव दादा: माई, नुसती काचेची भांडी. शोभेची.

माई: शोभेच्या भांड्यांना शोकेस असते. बार कोण म्हणतं?

धुळे जिभाऊ: माईना पॉइंट बराबर शे.

मुंबई आत्या: फोटो छान आहेत, पण सगळे समोरून. विकणारा समोरूनच दाखवतो. मला उलट बाजू हवी. दोन्ही गालिचे कोपऱ्यातून उलट आणि जवळून फोटो काढ. झालर जिथे सुरू होते तिथलाही एक. ग्लास आणि ट्रेची बुडं पण दाखव.

जळगाव वहिनी: हे घ्या. लाल गालिच्याला मागे बदामी कापड आहे. झालर शिवलेली दिसतेय.

मुंबई आत्या: मग लाल गालिचा गुंडाळून बाजूला ठेव, त्यावर वेळ नको घालवू. हा टफ्टेड. ताणलेल्या कापडात गनने लोकर टोचतात, ती निघू नये म्हणून मागे लेटेक्सचा चीक फासतात आणि चीक झाकायला हे बदामी कापड चिकटवतात. गाठ एकही नाही. काही वर्षांनी चीक वाळतो आणि खाली भुकटी पडायला लागते. नवा म्हणून, नव्याच्या भावात घेतला तर वापरायला वाईट नाही. पण १२० वर्षांचा? शक्यच नाही.

निळा गालिचा बघण्यासारखा आहे. पाठीवरही तीच नक्षी आहे, गाठी थोड्या वेड्यावाकड्या आहेत, आणि झालर म्हणजे ताण्याचेच, विणीतले उभे दोरे बाहेर आलेत. हाताने गाठी मारलेल्याची ही खूण. यंत्रावरच्या गालिच्यालाही मागे नक्षी दिसते, पण तिथे ओळी फार शिस्तीत असतात आणि झालर नंतर शिवलेली असते.

जळगाव दादा: एका इंचात किती गाठी त्यावर भाव ठरतो ना? तो सारखा तेच सांगत होता.

मुंबई आत्या: पट्टी घे, पाठीवर एक इंच आडव्या मोज, एक इंच उभ्या मोज, गुणाकार कर. १० गुणिले १० म्हणजे चौरस इंचाला १००. काश्मिरी रेशमी मालात आकडा कितीतरी वर जातो. पण आकड्याच्या मागे लागू नकोस. खेड्यातल्या मागावरचे भरड गाठींचे जुने गालिचे दिसायला फार देखणे असतात आणि रोजच्या वापराला दणकट. आकडा मोठा म्हणजे वेळ जास्त गेला, एवढंच खरं.

जळगाव वहिनी: तो म्हणतो रंग नैसर्गिक आहेत, म्हणजे जुनाच.

मुंबई आत्या: असं काही नसतं. रासायनिक रंगाचा शोध १८५६ चा. पुढच्या काही दशकांत ते रंग गालिच्यांच्या मागापर्यंत पोचले. म्हणजे खरोखर १२० वर्षांच्या गालिच्यातही रासायनिक रंग सापडू शकतो. उलट नीळ आणि मंजिष्ठा वापरून आजही गालिचे विणतात. रंगावरून वयाचा दाखला मिळत नाही.

रंग पक्का आहे का ते मात्र बघ. पांढरा रुमाल ओला करून घट्ट पीळ आणि लाल भागावर, मग निळ्यावर मिनिटभर दाबून धर. रुमालावर रंग उतरला तर मुलाने पाणी सांडलं त्या दिवशी गालिच्याचं काय होईल ते कळेल.

जळगाव वहिनी: केलं. लाल अजिबात नाही, निळा अगदी पुसट. पण निळ्यात मध्येच एक पट्टा फिकट आहे. डागी माल तर नाही?

मुंबई आत्या: नाही गं. सुताचा एक घाणा संपला, दुसरा थोडा वेगळा रंगला, त्याचा तो पट्टा. त्याला अबराश म्हणतात आणि जाणकार लोक ते आवडीने घेतात. मला शंका दुसरीच आहे. पूर्ण गालिच्यावर एकसारखी चहाची झाक दिसतेय. लोकर बोटांनी फाकवून मुळाशी बघ. वर फिकट आणि मुळाकडे हळूहळू गडद असेल तर उन्हाने, वापराने झालंय. आणि झालर, पाठ, लोकर सगळं एकाच तपकिरी रंगात न्हालेलं असेल तर धुऊन जुना केलाय.

जळगाव वहिनी: झालरसुद्धा तपकिरी आहे...

मुंबई आत्या: वाटलंच. आता कानाजवळ एक कोपरा हळू मुडप.

जळगाव वहिनी: कानाजवळ??

मुंबई आत्या: ताण्याचा सुती दोरा कुजला असेल तर काडी मोडल्यासारखा कडकड आवाज येतो. तसा गालिचा कितीही सुंदर असला तरी घ्यायचा नाही, तो दुरुस्त होत नाही.

जळगाव वहिनी: आवाज नाही. मऊ आहे.

मुंबई आत्या: छान. म्हणजे माल चांगला, गोष्ट खोटी. माझ्या मते हा उत्तर प्रदेशातल्या भदोहीकडचा, तीस-चाळीस वर्षांचा. पर्शियन ही नक्षी, इराणचा शिक्का नव्हे. भदोही, आग्रा, काश्मीर सगळीकडे ती विणतात. इंग्रजांच्या काळात आपल्या येरवड्याच्या तुरुंगात कैदी असले गालिचे विणायचे. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात कमीपणा काही नाही. फक्त भाव अँटिकचा द्यायचा नाही.

आणि तो खरंच शंभरी पार असल्याचं म्हणत असेल तर लेखी माग. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. हे विचारलं की बऱ्याच जणांच्या गालिच्याचं वय लगेच उतरतं.

जळगाव दादा: 😂 विचारतोच.

भुसावळ मामा: पण खान्देशात लोकरीचा गालिचा? मे महिन्यात पाय ठेववेल का? वर धूळ किती.

मुंबई आत्या: मामांचं बरोबर आहे, म्हणून उन्हाळ्यात गुंडाळून ठेवायचा, घडी घालायची नाही. तुमच्याकडचं दुपारचं ऊन दाखवू नका, रंग उडेल. सकाळचं कोवळं पुरे, दोन्ही बाजूंनी. काठीने बडवायचा नाही, गाठी सैल होतात. कसर लागते ती सोफ्याखाली, जिथे अंधार असतो आणि झाडू पोचत नाही. म्हणून अधूनमधून गालिचा फिरवून टाकायचा.

माप घेतलंस का? जुनी वर्तमानपत्रं जोडून ६ बाय ९ फूट पसर आणि दोन दिवस त्यावरून चाल. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर यायला हवेत. नाहीतर मधोमध टाकलेला पाट दिसतो.

माई: जुन्या चिंध्यासले इतला पैसा कसाले घालतस?

जळगाव दादा: माई, थांब गं. आत्या, आता बारचं सांगा.

मुंबई आत्या: ट्रेच्या बुडाचा फोटो मोठा करून बघितला. ई.पी.एन.एस. असं कोरलंय. म्हणजे निकेल सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हरमध्ये तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी नसते. तुम्ही जळगावकर, सोनं डोळ्याने ओळखता. इथे ट्रेच्या कडा बघा, मुलामा घासून खालचा पिवळट धातू दिसतो का. चांदीच्या वजनाने भाव लावत असेल तर सरळ नाही म्हणा. मुरादाबादला असा माल आजही बनतो.

भुसावळ मामा: माझ्याकडे जी.आय.पी.आर. कोरलेला काटा-चमचा आहे. तो खरा की खोटा?

मुंबई आत्या: मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला झाली, त्याआधी जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे होती. शिक्का अस्सल असेल तर चमचा त्याआधीचा. अस्सल आहे का ते असं बघायचं: अक्षरांच्या कडा बाकी चमच्याइतक्याच झिजल्यात का? चमचा गुळगुळीत आणि अक्षरं धारदार असतील तर ती नंतर उठवलेली. काचेच्या बुडालाही तेच. खऱ्या वापराचे ओरखडे सगळ्या दिशांना असतात. कागदाने घासलेले एकाच दिशेला.

भुसावळ मामा: अक्षरं पार झिजलीत. हातानेच कळतात.

मुंबई आत्या: मग तो चमचा कोणाला देऊ नका.

जळगाव वहिनी: डिकँटरचं काय? आमच्याकडे पिणारं कोणी नाही. मी म्हटलं पाहुण्यांसाठी कैरीचं पन्हं भरून ठेवेन.

मुंबई आत्या: अजिबात नको! जुन्या जड क्रिस्टलमध्ये शिसं असतं, फुल लेड क्रिस्टलमध्ये २४ टक्के किंवा जास्त लेड ऑक्साइड. आत ठेवलेल्या पेयात ते उतरतं, आणि आंबट पदार्थ ते जास्त ओढतात. दारूवालेसुद्धा बाटलीतून ओतून, वाढून, उरलेलं परत बाटलीत टाकतात, महिनोन्‌महिने भरून ठेवत नाहीत. लहान मुलाला तर त्यातलं काहीच द्यायचं नाही. पन्ह्याला साधी काच किंवा स्टील. डिकँटर रिकामा ठेव, उजेडात छान दिसेल.

घेणारच असशील तर बूच काढून बुचाच्या मुळाशी आणि मानेच्या आत बघ. चांगल्या जुन्या डिकँटरवर दोन्हीकडे एकच आकडा कोरलेला असतो. आकडे वेगळे म्हणजे बूच दुसऱ्याचं. सगळे ग्लास टेबलावर ओळीने ठेव. एखादा किंचित बुटका असेल तर काठ फुटला होता, घासून सारखा केलाय.

जळगाव वहिनी: आकडे ३४ आणि ११. आणि एक ग्लास बुटका आहे, आत्ता पाहिला.

धुळे जिभाऊ: मग आमच्या दुकानातल्या गोटी सोड्याच्या बाटल्या ने, चार आहेत. फुकट.

मुंबई आत्या: त्या घे! ही गोटीची बाटली काढणाऱ्या कॉडचं पेटंट १८७२ चं. तशा बाटल्या आजही बनतात, म्हणून प्रत्येक बाटली जुनी असेल असं नाही. पण आपल्या माणसाच्या दुकानातली आहे, हिशेब स्वच्छ. तांब्याचे मग दाखवले तर आत कल्हई आहे का बघ, नसेल तर आंबट काही ओतायचं नाही.

नाना: घरात दारू ठेवायला परमिट लागतं. ग्लास ठेवायला लागत नाही. एवढंच.

माई: ऐकलंस ना?

जळगाव दादा: ठरलं. लाल गालिचा आणि डिकँटर परत. निळा भदोहीच्या भावात देत असेल तर घेतो. ट्रेचं ही ठरवेल.

जळगाव वहिनी: ट्रे पण परत. कडेला पिवळं दिसतंय.

मुंबई आत्या: निळ्याची पावती घेताना त्यावर ‘हातविणीचा, लोकरी’ असं लिहून घे, ‘अँटिक’ शब्द नको. भाव काय सांगतो ते कळव.

धुळे जिभाऊ: बाटल्या बुधवारच्या गाडीनं धाडस. खोकं सरळ ठेवा, बाटल्या फुटतीस.