सांगलीत ड्रिफ्टिंगच्या प्रॅक्टिसला जायचंय, पप्पांची ईको नेली तर चालंल का?

तासगावकर_द्राक्षबाग
नमस्कार मंडळी. मित्राच्या ओळखीची पोरं येत्या रविवारी कुपवाड साइडला एका बंद कारखान्याच्या यार्डात ड्रिफ्टिंगची, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत चालवायची प्रॅक्टिस ठेवतायत, मालकाची परवानगी वगैरे घेऊन, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. मी आजवर कधी केलं नाही, मोबाईलवर बघून बघून नुसतं डोकं फिरलंय. माझ्याकडं डिझेल स्विफ्ट आहे पण ती पुढच्या चाकावर चालते म्हणून होत नाही असं एक जण म्हणला, खरंय का? घरी पप्पांची ईको आहे, ती मागच्या चाकावर आहे. सध्या सीझन चालू आहे त्यामुळं रोज द्राक्षाची खोकी आणि औषधाचे कॅन घेऊन फिरते, पण रविवारी रिकामी मिळंल. नेऊ का? तिथं दिवसभर नक्की काय असतं, काय काय न्यायचं, टायर किती लागतात आणि घरी काय सांगून निघायचं ते पण सांगा, शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

वखारभाग_मिस्त्री
ईको नेऊ नकोस भावा, हात जोडतो. मागच्या चाकावर आहे हे बरोबर, पण ती उंच आणि अरुंद गाडी, इंजिन सीटखाली, टायर १३ इंची. कोरड्या काँक्रीटवर मागचं घसरत चाललंय आणि मधीच टायरनं एकदम पकड घेतली की गाडी सरळ होत नाही, आडवी होती. मग पप्पांना काय सांगायचं हा प्रश्नच उरत नाही.

स्विफ्टचं असं आहे, पुढचीच चाकं ओढणार आणि पुढचीच वळवणार. जास्त ॲक्सिलेटर दिलास तर पुढचं नाक बाहेर पळतंय, मागचं शेपूट मुकाट्यानं मागं येतंय. हँडब्रेक ओढून मागचं फिरवता येतं, नाही असं नाही, पण ती एकदाची घसरगुंडी. ड्रिफ्ट म्हंजे मागची चाकं इंजिनच्या ताकदीनं घसरत *ठेवायची*. काही पोरं मागच्या चाकाखाली हॉटेलातले प्लॅस्टिकचे ट्रे घालून हँडब्रेक ओढतात, गुळगुळीत फरशीवर हळू स्पीडला तेवढ्यापुरती मजा येती. ट्रे फुटतात, कुणाच्या हॉटेलातून उचलू नको.

एनईवाला_मिरज
मिस्त्रींच्या ईकोच्या मताला माझं अनुमोदन. मी दोन वर्षं अशा प्रॅक्टिसला जातोय, माझी ९२ ची ११८ एनई आहे. नवीन पोरांना ही गाडी माहीतच नसते, प्रीमियरची, फियाटच्या बॉडीत निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन, मागच्या चाकावर. ताकद म्हणशील तर काय नाही, म्हणून आम्ही टँकर बोलवून यार्ड ओलं करून घेतो. ओल्यावर कमी ताकदीची गाडी पण शेपूट हलवते आणि टायर पण वाचतात, नाहीतर कोरड्यावर जोरकस गाडीचे मागचे दोन टायर अर्ध्या दिवसात तारेपर्यंत जातात.

आता दिवसाचं सांगतो. पहिली गोष्ट, दिवसातला बहुतेक वेळ तू उन्हात उभा असणार आहेस. हे कुणी सांगत नाही म्हणून आधी सांगतो. सकाळी गाड्या तपासतात, बॅटरी घट्ट बांधलीय का, खालून ऑइल गळतंय का, चाकाचे नट, सीटबेल्ट, मागची डिकी रिकामी आहे का. माझ्या पहिल्या वेळी सीटखाली पाण्याची बाटली राहिली होती. गाडी फिरल्यावर ती गडगडत आली आणि ब्रेकच्या पायाखाली अडकली, पाय दाबतोय आणि पेडल जातच नाही. समोर फक्त प्लॅस्टिकचे कोन होते, रस्त्याच्या कामाला ठेवतात तसले, म्हणून वाचलो. त्या दिवसापासून मी गाडीतली चिल्लर सुद्धा काढून ठेवतो.

मग सगळ्यांना गोळा करून सांगतात, एका वेळी एकच गाडी, झेंडा दिसला की थांबायचं, बघणाऱ्यांनी कुठं उभं राहायचं. कोन बाहेर उडतात आणि कधी गाडी पण येते, त्यामुळं वळणाच्या बाहेरच्या अंगाला व्हिडिओ काढायला उभं राहायचं नाही म्हणजे नाही. आग विझवायचं सिलेंडर कुठं ठेवलाय ते जाताच बघून घे. तिथं सिलेंडर नसला तर भडंग खाऊन घरी ये.

नवीन माणसाला आधी एका कोनाभोवती गोल फिरवतात. फर्स्ट किंवा सेकंड गिअर, स्टेअरिंग वळव, क्लच मारून सोड, मागचं सुटतं, सुटलं की स्टेअरिंग उलट्या बाजूला. इथं सगळे चुकतात. आपल्याला वाटतं स्टेअरिंग आपण जोर लावून उलटं फिरवायचं. तसं नाही. पुढची चाकं स्वतःच जायच्या दिशेला वळायला बघतात, स्टेअरिंग तुझ्या तळहाताखालून सर्रकन् आपोआप पळतं, तू फक्त पळू द्यायचं आणि योग्य जागी पकडायचं. पहिल्यांदा ते तळहाताला गरम लागतं आणि माणूस घाबरून घट्ट धरतो. घट्ट धरलं की गाडी भोवऱ्यासारखी फिरली.

दुसरी चूक ॲक्सिलेटरची, गाडी घसरली की घाबरून पाय पूर्ण काढायचा. पाय काढला की वजन पुढं येतं, मागच्या टायरचा घसरा थांबून पकड येते आणि गाडी झटक्यात उलट्या बाजूला फेकली जाते. पाय हलका करायचा, काढायचा नाही. आणि नजर कोनावर ठेवू नकोस, कोनाकडं बघितलंस की कोनावरच जाणार. जिथं जायचंय तिकडं बाजूच्या काचेतून बघायचं, सुरुवातीला लई विचित्र वाटतं.

गोल जमला की मग आठचा आकडा, म्हणजे एका बाजूचा घसरा संपवून मधे न थांबता दुसऱ्या बाजूला शेपूट न्यायचं. मला गोल जमायला दोन रविवार गेले आणि आठ जमायला पावसाळा आला.

गाडीतला डिफ्रन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा डबा, साधा असेल तर आतलं चाक रिकामं फिरतं आणि एकाच बाजूनं धूर येतो, म्हणून लोक क्राउनच्या आतले छोटे गिअर वेल्ड करून टाकतात. दोन्ही चाकं एकत्र फिरतात. स्वस्त उपाय आहे पण मग ती गाडी गावात चालवायची नाही, पार्किंगमध्ये वळवली तरी मागचे टायर घासून कटकट वाजतात. माझी वेल्ड केलेली आहे, टेम्पोवर चढवून नेतो.

न्यायचं सामान: फुल हेल्मेट, सुती फुल बाह्यांचा शर्ट, पातळ सोलचे बूट, टोपी, पाच लिटर पाणी स्वतःला आणि पाच लिटर रेडिएटरला. गाडी जागच्या जागी फिरते, समोरून वारा लागत नाही आणि इंजिन मात्र वरच्या आरपीएमला ओरडत असतं, टेंपरेचरचा काटा चढणारच. दोन चकरा मारल्या की इंजिन बंद करू नकोस, बाजूला घेऊन बॉनेट उघडून नुसती आयडल ठेव. काचा बंद ठेवायला लावतात, एसी बंद, डोक्यावर हेल्मेट. पहिल्या चकरेनंतर बनियन पिळून घे.

पेठभाग_काका
सगळं वाचलं. टायर जाळायचे, पेट्रोल जाळायचं आणि आहे तिथंच गोल फिरायचं. आमच्या काळी बैलगाडीला पण पोचायला गाव असायचं. हे सिनेमा बघून आलेलं खूळ आहे, दोन वर्षांत जाईल.

एनईवाला_मिरज
काका, सिनेमाच्या आधीचं आहे ते. जपानमध्ये १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी म्हणून रेसर होता, आधी मोटरसायकलवाला, १९६१ ला जर्मनीत ग्रां प्री जिंकलेला. तो वळणात गाडी आडवी घालून जायचा. त्याचं बघून केइइची त्सुचिया घाटात शिकला आणि मग २००० साली डी१ म्हणून स्पर्धाच सुरू झाली. तिथं घड्याळ लावत नाहीत, गाडी किती आडवी, रेषा कशी धरली, किती जोरात आत घातली यावर मार्क. बैलगाडीच्या शर्यतीत नंबर कुणाचा आला ते सोडून बैलांची जोडी कशी पळाली यावर आपण रात्रभर बोलतो की नाही? तसंच आहे.

पेठभाग_काका
जोडीचं म्हणालास तिथं गप्प बसतो.

कोर्टाचा_कट्टा
एक महत्त्वाचं राहिलं. यार्डात प्रॅक्टिस वेगळी आणि परत येताना जोश चढून रिंगरोडला किंवा दंडोबाच्या रस्त्याला शेपूट हलवणं वेगळं. सार्वजनिक रस्त्यावर असलं काही केलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक चालवणं. दोघं तिघं मिळून शर्यत लावली तर कलम १८९, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. आणि तुझी इन्शुरन्सची पॉलिसी काढून वाच, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं त्यात. यार्डात भिंतीला ठोकलीस तर क्लेम मिळेल या आशेवर राहू नकोस. पप्पांच्या नावावरची गाडी तर अजिबात नेऊ नकोस.

तासगावकर_द्राक्षबाग
जाऊन आलो मंडळी!! ईको नेली नाही, घरी खरं सांगितलं, पप्पा म्हणले बघायला जा, चालवू नको. मी अर्धंच ऐकलं.

सकाळी एकाच्या बीएमडब्ल्यूत शेजारी बसलो, तिसऱ्या चकरेला डोळ्यासमोर पत्र्याचं शेड डावीकडून उजवीकडं पळायला लागलं आणि नाश्त्याची मिसळ वर आली. दार उघडेपर्यंत दम काढला एवढीच काय ती अब्रू राहिली. दुपारी एका दादानं त्याची जुनी कॉन्टेसा दिली, हिंदुस्थान मोटर्सची, मागच्या चाकावरची, टँकरनं ओल्या केलेल्या भागावर, शेजारी स्वतः बसला. पहिल्या आठ-दहा वेळा नुसता भोवरा. एनईवाले दादा, तुम्ही सांगितलेलं मी तोंडपाठ करून गेलो होतो तरी हातानं स्टेअरिंग आवळलंच. शेवटी तो दादा म्हणला, दोन्ही हात सोड. सोडले. स्टेअरिंग स्वतः गरकन् फिरलं, मी पकडलं आणि गाडी अर्धा गोल आडवी गेली, खिडकीतून कोन दिसत होता बरोबर जागेवर. अर्धाच गोल. मग परत भोवरा.

संध्याकाळी कानात, केसात सगळीकडं रबराचा काळा कीस. आईनं बाहेरच्या नळावर उभं केलं.

आता पुढचा प्रश्न. विट्याला एक कॉन्टेसा विकायला आहे, १.८ पेट्रोल, चार वर्षं झाडाखाली उभी. बघायला जाऊ का?

वखारभाग_मिस्त्री
जा पण पैसे घेऊन जाऊ नको. तिच्यातल्या जपानी इसुझू कंपनीच्या इंजिनची भीती नाही, ते चालू होईल. २००२ ला कंपनीनं ही गाडी बनवायची बंद केली, तवा काच आणि बीडिंगचं, म्हंजे काचेभोवतीच्या रबरी पट्टीचं सामान मिळायला जीव जातो, ते आहे का बघ. झाडाखाली म्हणला म्हंजे खालून सडली असणार. पेचकस घेऊन जा, मॅट उचलून पायाखालचा पत्रा टोच आणि मागचे सस्पेन्शनचे आर्म बॉडीला लागतात ती जागा टोच. पेचकस आरपार गेला तर मालकाला चहा पाज आणि परत ये. रंगाकडं बघू नको. मी रविवारी मोकळा आहे, डिझेल तू घाल.