तोंडातील लायकेन प्लॅनस: मलम थांबवले की आग पुन्हा का सुरू होते?

प्रश्न:
आईच्या दोन्ही गालांच्या आतल्या बाजूस जाळीसारख्या पांढऱ्या रेषा आणि हिरड्यांवर लाल, सोलवटलेले भाग दिसू लागल्यावर बायॉप्सी झाली व लायकेन प्लॅनसचे निदान झाले. स्टिरॉइडचे मलम लावले की आग शमते, परंतु थांबवल्यावर काही आठवड्यांत त्रास परत सुरू होतो. हे औषध कायम लावावे लागेल का, आणि या आजारातून कर्करोग होतो हे कितपत खरे आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मुखरोगतज्ज्ञ):
या आजारात शरीराच्याच टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) तोंडाच्या अस्तरातील सर्वांत खालच्या थरावर हल्ला करतात. मलम तो दाह दाबते, पण ही प्रवृत्ती मिटवत नाही. म्हणून त्रास परत आला याचा अर्थ उपचार फसला असा नव्हे. नुसत्या पांढऱ्या रेषा दुखत नसतील तर त्यांना औषधाची गरज नसते. लाल आणि व्रण पडलेल्या भागांवर मात्र उपचार करावेच लागतात, आणि तिथे औषध कोणते यापेक्षा ते कसे लावले जाते यावर बरेच अवलंबून असते. क्लोबेटासोल ०.०५ टक्के किंवा तत्सम मलम जेवणानंतर, ती जागा कापसाने हलकेच कोरडी करून, पातळ थरात लावावे आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. ओल्या जागेवर लावलेले मलम लाळेबरोबर वाहून जाते. हिरड्यांसाठी दातांच्या मापाचा ट्रे बनवून घेतल्यास औषध जागेवर टिकते. आराम पडला की एकदम बंद न करता, डॉक्टरांच्या सल्ल्याने वापर हळूहळू कमी करत न्यावा. मलम चालू असताना आग अचानक वाढली तर कॅन्डिडा बुरशीचा संसर्ग झाला आहे का, हे तपासून घ्यावे.

कर्करोगाविषयी सांगायचे तर धोका खरा आहे, पण लहान आहे: अनेक वर्षांच्या काळात शंभरांपैकी साधारण एका रुग्णात असे रूपांतर होते. त्यामुळे दुखत नसले तरीही वर्षातून एक-दोनदा तपासणी चुकवू नये. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा हाताला कडक लागणारी जागा आढळल्यास पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

उत्तर (एक रुग्ण):
हिरड्या दुखतात म्हणून घासणे टाळले की दातांवर कीटण साचते आणि त्याने दाह आणखी वाढतो, हे मला उशिरा समजावून सांगण्यात आले. अतिशय मऊ ब्रश आणि सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारे रसायन) नसलेली टूथपेस्ट यांनी मला खूप फरक पडला. अल्कोहोल असलेला माउथवॉश मात्र कटाक्षाने टाळावा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आई रक्तदाबाची गोळी घेते. तिचा याच्याशी संबंध असू शकतो का?

उत्तर (मुखरोगतज्ज्ञ):
असू शकतो. रक्तदाबाची काही औषधे, तसेच काही वेदनाशामके यांच्यामुळे हुबेहूब असेच चट्टे उमटतात, आणि बायॉप्सीतून दोन्हींतला फरक दरवेळी स्पष्ट होत नाही. गोळी कधी सुरू झाली आणि त्रास कधी, याची नोंद दोन्ही डॉक्टरांना दाखवावी. गोळी स्वतःहून मुळीच बंद करू नये. (चट्टा फक्त चांदीच्या फिलिंगला लागून असता तर आधी त्या फिलिंगचा विचार केला असता, आपल्या आईंच्या बाबतीत तसे दिसत नाही.)

आणखी एक गोष्ट आईंना एकांतात, आपुलकीने विचारावी. हिरड्यांवर हा आजार असलेल्या काही स्त्रियांना योनिमार्गातही आग आणि व्रण असतात, परंतु दातांच्या डॉक्टरांकडे त्याचा काय संबंध, असे वाटून किंवा संकोचाने त्या सांगत नाहीत. उपचार लांबला तर तिथे जखमांचे वण धरून योनिमार्ग आखडू शकतो. तसा त्रास असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना लायकेन प्लॅनसचे निदान आवर्जून सांगावे.