घर सापडलं म्हणे! (रेवाच्या पोस्टला उत्तर, लांबलं म्हणून वेगळा धागा)

संगमनेरी
परवा रेवानं लिहिलं: ‘मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये मला पहिल्यांदा घर सापडलं. दारावर समलिंगींच्या स्वागताचा इंद्रधनुष्याचा झेंडा, उपदेशाला बाई पाळक, तळघरात बेघरांसाठी जेवण. कुणाची कोण असं कुणी विचारत नाही. नगर जिल्ह्यातल्या ज्या मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, वाढले तिथे नियम होते, माणसं नव्हती.’ खाली बदामांचा पाऊस. एकालाही वाटलं नाही की बाई, जरा थांब.

हे चर्च रेवाला आत्ता सापडलं, पण त्याला आपण दोनशे वर्षं ओळखतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले ते ज्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेकडून, तिचा वारसा १९५७ नंतर याच युनायटेड चर्चकडे गेला. १८३१ पासून नगरात ठाण मांडून बसलेली अमेरिकन मराठी मिशन ती हीच. रेवाच्या आणि माझ्या खापरपणजोबांना बाप्तिस्मा देणारे हेच लोक. तेव्हा त्यांनी सांगितलं तुमचं जुनं सगळं टाका. टाकलं. आता त्यांचे पणतू सांगणार की आम्ही शिकवलेलं तेही जुनं झालं, आणि आम्ही पुन्हा मागासलेले!

दुसरं, तिथे आपलेपणा स्वस्त आहे. सारख्या शिक्षणाची, सारखं मत देणारी माणसं गाडी काढून वीस मैलांवरून जमतात. पटलं नाही तर पलीकडच्या चौकात दुसरं चर्च. आमच्या मंडळीत ज्यानं माझ्या वडिलांवर बांधावरून दावा लावला, तो पुढच्याच बाकावर असतो आणि प्रभुभोजनाला त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं. नाक मुरडत का होईना, राहतो. चर्चमध्ये जिला सहभागिता म्हणतात, एकमेकांशी बांधलेपण, ती असेल तर ही आहे.

आणि समान ध्येय म्हणाल तर दरेवाडीला या. आमच्याच तालुक्यात फादर हर्मन बाकर यांच्या पाणलोटाच्या कामानं उघडे डोंगर हिरवे झाले. दारावर झेंडा लावायला सवड नव्हती कुणाला.

रेवा
काका, जय ख्रिस्त. बाकर जेजुइट होते, म्हणजे कॅथलिक. तुमच्या मंडळीनं त्या डोंगरावर किती चर खणले ते सांगा, मग झेंड्याचं बोलू.

माझी गोष्ट मी त्या पोस्टमध्ये टाळली होती, आता सांगते. आईनं मार खाणं थांबवलं आणि आम्हाला घेऊन माहेरी आली. पुढच्याच महिन्यात महिला मंडळाच्या यादीतून तिचं नाव गेलं. पाळकसाहेब नाताळात घरोघर प्रार्थनेला जायचे, आमचं दार सोडून. बाबा मात्र कमिटीवर कायम. माझ्या मावसभावानं स्वतःबद्दल खरं सांगितलं तर त्याच्यासाठी उपास-प्रार्थना ठेवली, भर उपासनेत नाव घेऊन. तो आता कुठल्याच चर्चमध्ये जात नाही. बांधावरून दावा लावणाऱ्याशेजारी तुम्ही उभे राहता ते ठीक. तुम्हाला निदान कुणी बाहेर काढलेलं नव्हतं.

या चर्चनं १९७२ मध्ये विल्यम जॉन्सन यांना, ते उघडपणे समलिंगी असताना, पाळकपदाची दीक्षा दिली. १९८५ मध्ये सर्वोच्च सभेनं ठराव करून स्थानिक मंडळ्यांना अशा माणसांचं उघड स्वागत करायला सांगितलं. त्यासाठी त्यांनी सभासद गमावलेत, म्हणजे स्वस्त काही नाही. आमच्याकडे समोरच्या पक्षाला मत देणारा एक निवृत्त सैनिकही आहे. तळघरातली भांडी तोच घासतो.

तर्कट
मी बाहेरचा, नास्तिक, तरी विचारतो. नरक काढला, पाप काढलं, चमत्कार काढले, तर उरलं काय? पुरोगामी चर्च म्हणजे मधुमेहींचा पेढा. त्यापेक्षा सरळ एखाद्या संघटनेत जा. त्या चर्चची सभासदसंख्या १९५७ मध्ये २० लाखांच्या आसपास होती, आज ८ लाखांच्याही आत आहे. लोकांना कळलंय.

केडगाव_स्टेशन
तर्कटराव, गर्दीवरून खरंखोटं ठरत असेल तर तुमच्या नास्तिकांच्या बैठकीला किती जण असतात?

संगमनेरी, ‘तिकडून आलेलं’ म्हणून हिणवू नका. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घातला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणाल्या. एका पुरोहितशाहीतून सुटले ते दुसरीत अडकायला नाही, हा त्यांचा पवित्रा शेवटपर्यंत होता. मग केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, विधवा आणि दुष्काळातल्या पोरी सांभाळल्या, बायबलचं भाषांतर स्वतः केलं. पुरोगामी ख्रिस्तीपण आपल्याकडे घरचं आहे. रेवाला ते नगरात दिसलं नाही, हा दोष रेवाचा की नगरचा?

निर्मळचा
वसईतून. आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, लोकांना हरित वसईसाठी रस्त्यावर आणलं. टँकरवाले, बिल्डर, गुंड, सगळ्यांच्या विरोधात. मी लहान होतो, आजीच्या कडेवर मोर्च्यात गेलोय. मिस्सा (कॅथलिक उपासना) संपली की घरी न जाता सभेला जायचं, हिंदू शेजारीही बरोबर. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना ‘समान ध्येय’ समजावून सांगावं लागत नाही.

बोळिंज_नाका
आणि मग त्याच मोर्च्यातल्यांनी बागायती वाड्या विकल्या. नावं घेऊ का?

निर्मळचा
घे. तुझ्या काकापासून सुरुवात कर. फादर २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धमक्या आल्या, तेव्हा कुठे होतास?

पूर्वाश्रमीचा
झेंडा, बाई पाळक, बिल्डर, सगळं झालं. जात कुठे गेली?

नगर जिल्ह्यातल्या बहुतेक मंडळ्या महार-मांगांच्या. हे छापील इतिहासात असतं, उपदेशात नसतं. आमच्या तालुक्यात दफनभूमीत दोन बाजू आहेत आणि कोण कुठे हे सगळ्यांना न सांगता माहीत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. आम्ही अजून बाहेर. म्हणून माझा एक भाऊ दाखल्यावर हिंदू आणि रविवारी वाद्य वाजवायला चर्चमध्ये. मी दाखल्यावर ख्रिस्ती, म्हणून मला ती सवलत नाही. संगमनेरी, तुमची सहभागिता या भावाला विचारा. आणि रेवा, ‘कुणाची कोण’ हे तिकडे विचारत नाहीत कारण त्यांना तुमची आडनावं वाचता येत नाहीत. ते पुण्य त्यांचं नाही.

रेवा
शेवटचं वाक्य झोंबलं. खोटं आहे असं म्हणवत नाही.

टाळकरी
सगळे अमेरिका-अमेरिका करताहेत. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांनी १९१७ मध्ये मिशनशी संबंध तोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही एका जागी बसवायचं म्हणून. आजच्या कुठल्या पुरोगामी चर्चमध्ये एवढी छाती आहे? तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलेला माणूस तो. आणि आज त्यांची पदं ‘उपासना संगीत’ या चर्चच्या गीतपुस्तकात पडून आहेत. आमच्या मंडळीत कीबोर्ड, पॅड, धुराचं यंत्र (खरंच, धुराचं यंत्र!) आणि हिंदी-इंग्रजी गाणी. पेटी माळ्यावर, टाळ गेले भंगारात. तुमचा आपलेपणा तिथे मेला, झेंड्यानं नाही.

कीबोर्डवाला
आलात का काका. तरुण का येत नाहीत यावर दर महिन्याला बैठक घेता, आणि आलेल्याला गाऊ देत नाही. मी सहावीपासून वाजवतोय. पेटीवर बसलो तर तुम्हीच उठवलं होतं, ‘तुझे हात खराब होतील’ म्हणून नव्हे, ‘ती अमुक साहेबांची पेटी आहे’ म्हणून.

टाळकरी
कोण तू? नाव सांग.

कीबोर्डवाला
टाळ भंगारात घातले ते तुमच्याच कमिटीनं, २०० रुपयांना. पावती आहे.

केडगाव_स्टेशन
पावती जपून ठेवलीस? शाबास.

टाळकरी
भंगारात घालू नका असं मी तेव्हाच म्हटलं होतं, इतिवृत्त काढा! आणि गाण्याचं ऐक. अभंगाला चार माणसं लागतात, चौघांनी एकमेकांकडे बघावं लागतं. तुझ्या पडद्यावर ओळी सरकतात आणि दोनशे माणसं पडद्याकडे बघत उभी. पुढे एक वर्शिप लीडर डोळे मिटून. शेजारी कोण उभा आहे याचा पत्ता नाही.

कीबोर्डवाला
शेजारी कोण आहे हे आधी फार चांगलं माहीत होतं तुम्हाला. म्हणून तर बाकं ठरलेली होती.

निर्मळचा
आमच्याकडे मराठी मिस्साच कमी व्हायला लागल्यात, तुम्ही पेटीवर भांडताय. पोरं इंग्रजी शाळेत, इंग्रजी मिस्सेला. फादरनी सुबोध बायबल केलं ते वाचणार कोण?

टाळकरी
बघा! हेच म्हणतोय मी केव्हाचा.

कीबोर्डवाला
तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही मला नावं ठेवत होता. टिळकांची पदं मला आवडतात, चाली कुणी शिकवल्याच नाहीत. छापलेल्या पुस्तकात चाल नसते.

टाळकरी
चाली माझ्या डोक्यात आहेत. रेकॉर्ड करून पाठवतो. धुराचं यंत्र बंद करणार असशील तर.

कीबोर्डवाला
यंत्र कमिटीनं घेतलंय, मी नाही. पाठवा.

संगमनेरी
धागा मी मंडळीबद्दल काढला होता. असो. रेवा, तुझ्या आईबद्दल जे झालं ते वाईट झालं, त्याला मी सहभागिता म्हणत नाही. पण तू निघून गेलीस, तुझी आई अजून त्याच मंडळीत जाते असं तूच मागे लिहिलं होतंस. तिला विचारलंस का कधी, का जाते?

रेवा
विचारलं. म्हणाली, ‘त्यांनी नाव काढलं म्हणून मी माझं बाक का सोडू?’ त्यांना मंडळी म्हणून ती क्षमा वगैरे करत नाही, हट्टानं बसते. पण काका, हा हट्ट तिनं एकटीनं केला. त्या वेळी शेजारी बसायला एक बाई आली नाही. माझ्या इथल्या चर्चमध्ये परवा एका बाईनं नवरा सोडला, तर तिच्या मुलांना शाळेत सोडायच्या पाळ्या लागल्या. मला घर म्हणजे एवढंच म्हणायचं होतं.

संगमनेरी
पाळ्या आमच्याकडेही लागतात. मयताच्या वेळी.

तर्कट
माणूस जिवंत असताना लागल्या तर बरं.

संगमनेरी
तुम्हाला कुणी विचारलं? ... बरं, हे एक मान्य.

पूर्वाश्रमीचा
दफनभूमीवर अजून एकाचंही उत्तर नाही. पेटी मात्र वाजतेय सकाळपासून.

संगमनेरी
आमच्या गावात दफनभूमी एकच आहे. बाजू वगैरे नाहीत.

पूर्वाश्रमीचा
आणि सोयरिकी?

संगमनेरी
त्यावर वेगळा धागा काढा.