संत्र्याच्या बागेतला कर्ब कपाशीएवढाच कसा?

अंबियाबहार (वरुड तालुका)

राजेहो, एक कोडं सोडवा. आमची दोन वावरं बांधाला बांध लागून आहेत. एकात नागपुरी संत्रा, वडिलांनी २००९ साली लावलेला, जंबेरी लिंबाच्या खुंटावरची कलमं. दुसऱ्यात दरसाल कपाशी, मधात तुरीचं तास. यंदा दोन्हीकडची माती तपासली. बागेचा सेंद्रिय कर्ब (पाला, मुळं, शेण कुजून मातीत राहिलेला कार्बन) ०.४६ टक्के, कपाशीचा ०.४३!

जो येतो तो सांगतो की बहुवार्षिक पीक लावा, जमिनीत कर्ब साठतो. मग माझा गेला कुठं? त्यात गावात एका कंपनीचा माणूस फिरतोय, बाग आहे तर कार्बन क्रेडिट, म्हणजे साठवलेल्या कार्बनचे विकता येणारे गुण, मिळतील म्हणून सह्या घेतोय.

नमुना नीट घेतला होता. दोन ओळींच्या मधातून वीतभर खोल, आठ-दहा ठिकाणचा, घमेल्यात मिसळून चार भाग, समोरासमोरचे दोन फेकले. बागेची वहिवाट सगळ्यांसारखीच: पावसाळ्याआधी रोटाव्हेटर, तण दिसलं की वखर, ताणावर सोडताना, म्हणजे बहार फुटावा म्हणून झाडाचं पाणी तोडताना, पुन्हा वखर. शेणखत आळ्यात.

खोडवा_शिरोळ

दादा, आमच्याकडं ऊसही तसा बहुवार्षिकच, गवताचीच जात. पण तोड झाली की पाचट पेटवणारा आणि पाचट सरीत दाबून खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) घेणारा, दोघांच्या रानात पाय ठेवला की फरक कळतो. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, तेवढा माल एका काडीत धूर होतो. तुमच्या बागेत गळलेल्या पानांचं काय करता?

परीक्षानळी

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, ०.४६ आणि ०.४३ हा फरक मी फरक मानत नाही. आमचं काम असं: वस्त्रगाळ म्हणावी अशी ग्रॅमभर माती चंबूत, वर कर्ब जाळणारं डायक्रोमेट, मग तीव्र गंधकाम्ल. चंबू हाताला चटका देतो. अर्ध्या तासाने पाणी आणि रंग दाखवणारं सूचक घालून ब्युरेट, म्हणजे मापाची नळी, थेंब थेंब सोडायची; उरलेलं डायक्रोमेट त्यावरून कळतं. गडद निळा-जांभळा रंग एका थेंबात हिरवा होतो, तो थेंब पकडायचा. पाचच्या पुढे घड्याळ गेलं की एखादा थेंब जास्तच पडतो. आणि त्या ग्रॅममध्ये बारीक मुळाचा तुकडा राहिला तर आकडा उगाच फुगतो.

दुसरी, नमुन्याची जागा. संत्र्याची खाऊ मुळं, पानगळ, शेणखत, ठिबकचा ओलावा सगळं झाडाच्या घेराखाली. तुम्ही माती घेतली ओळींच्या मधली, जिथे वर्षातून तीन-चारदा लोखंड फिरतं. तो पट्टा नावाला बागेत आहे, वागणूक कपाशीच्या वावराचीच. म्हणून आकडाही कपाशीचा आला.

बहुवार्षिक पिकाचा फायदा दोन वाटांनी होतो. मुळं वर्षभर जिवंत राहून मातीत काही ना काही सोडत असतात, आणि जमीन मोडली जात नाही, त्यामुळे मातीच्या कणांच्या गुठळ्यांत सेंद्रिय पदार्थ जिवाणूंपासून लपून राहतो. रोटाव्हेटर नेमक्या त्या गुठळ्या फोडतो. हवा लागली, ओल मिळाली, आपल्याकडची उष्णता आहेच; जिवाणू तो पदार्थ खाऊन मोकळे. झाड पंधरा वर्षं उभं आहे हे खरं, पण माती दरसाल नव्याने उघडी पडते.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला गव्हाच्या शेताचा एक तुकडा १८८२ साली न कापता, न नांगरता सोडून दिला. तिथे आता झाडी आहे आणि वरच्या थरातला कर्ब सुरुवातीच्या दुपटीच्या वर गेलाय. शंभरावर वर्षं लागली, तीही थंड हवेत. आपल्या उन्हात तेवढी अपेक्षा धरू नका.

आता क्रेडिटवाला. एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन ढोबळ ९ लाख किलो. म्हणजे ०.१ टक्का कर्ब वाढला तर ९०० किलो. त्याचा कार्बन डायऑक्साइड ३.३ टन, आणि एक क्रेडिट म्हणजे एक टन. हा ०.१ टक्का वाढायला किती वर्षं लागतील ते त्याच्याकडून लिहून घ्या. शिवाय क्रेडिट सहसा नव्याने केलेल्या बदलाचं मिळतं, २००९ पासून उभ्या असलेल्या झाडांचं नाही. लाकडातला कार्बन आणि मातीतला कार्बन ही दोन खाती आहेत, तो कोणतं दाखवतोय तेही विचारा. बाग म्हातारी होऊन जेसीबीने उपटली तर काय, हे करारात कुठे आहे?

काजूबोंड

परीक्षानळी, एक भर घालतो. आमच्या कोकणात चांगलं रान तोडून, डोंगर जेसीबीने कापून काजू लावतात आणि त्यालाही हिरवं म्हणतात. रानातून काजूवर गेलात तर जमीन कर्ब गमावते. कपाशीतून बागेत गेलात तर मिळण्याची शक्यता. आधी तिथे काय होतं, ते कोणी विचारतच नाही.

अंबियाबहार

खोडवाभाऊ, पानं वखराबरोबर बांधावर जातात. खरं म्हणजे पेटवतोच.

परीक्षानळी, पटलं. पण वखर सोडला तर ताण कसा बसणार? भारी काळी जमीन, ओल धरून ठेवते. अंबिया बहार (हिवाळा सरताना येणारी फुलं) फुटलाच नाही तर कर्ब चाटायचा का?

परीक्षानळी

हा प्रश्न रास्त आहे. सगळं एकदम सोडू नका. दोन ओळी आड एक पट्टा मोकळा ठेवून बघा. पावसाळ्यात गवत, बोरू येऊ द्या, कापून तिथेच टाका, मुळं उपटायची नाहीत. थंडी सुरू होईपर्यंत तेच गवत जमिनीतली ओल ओढतं, ताणाला मदतच. उन्हाळ्यात मात्र वाळलेलंच हवं, हिरवं राहिलं तर झाडाचं पाणी पिईल. आच्छादन बुंध्यापासून हातभर लांब ठेवा, टेकवलंत तर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येईल.

पुढच्या वेळी तीन पिशव्या आणा: घेराखालची, वखरलेल्या पट्ट्यातली, मोकळ्या पट्ट्यातली. शक्यतो ३० सेंटिमीटरपर्यंत. खत टाकण्याआधी, दरवेळी त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत. आणि तीन वर्षांच्या आत आणू नका, पैसे वाया.

अंबियाबहार

ठीक. मधल्या चार ओळी ठेवतो वखराविना. शेजारी म्हणतील याची बाग पडीक पडली, म्हणू द्या. क्रेडिटवाल्याला ते ३.३ टनाचं गणित आजच विचारतो.