अँड्रॉइड स्टिरिओ बसवल्यापासून बॅटरी उतरतेय, टेलचा फ्यूज उडतोय

घाटरस्ता:
२०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ३५ एएचची बॅटरी, एक वर्ष जुनी. बाहेरून ९ इंची स्टिरिओ बसवून घेतला, तेव्हापासून गाडी दोन दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता टकटक करतो. चावी काढली तरी स्टिरिओ चालूच राहतो, बटणाने बंद करावा लागतो. पार्किंग लाइट लावला की १० अँपिअरचा टेल फ्यूज लगेच उडतो. मूळ कपलर (वायरींचा प्लग) कापून वायरी पिळल्यात, वर टेप मारलीय. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. मल्टिमीटर आहे. कुठून सुरुवात करू?

टेस्टलॅम्प:
बॅटरी बदलू नका. चावी काढल्यावर स्टिरिओ बंद होत नाही, यातच निम्मं उत्तर आहे. स्टिरिओची पिवळी वायर कायम १२ व्होल्टवर हवी, लाल वायर फक्त चावी एसीसीवर (इंजिन बंद, पण रेडिओ चालतो ती चावीची जागा) असताना जिवंत व्हायला हवी, काळी म्हणजे अर्थिंगची, गाडीच्या बॉडीला जाणारी. तुमच्याकडे लाल आणि पिवळी एकत्र पिळलेली असणार. डॅशमध्ये एसीसीची लाइन सापडली नाही की घाईत हाच जुगाड करतात.

खात्री करायची तर मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून मधे सिरीजमध्ये जोडा. दारं लॉक करून अर्धा तास थांबा, मग आकडा वाचा. मीटर जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलीअँपच्या आत असेल तर ठीक.

घाटरस्ता:
४२० मिलीअँप. स्टिरिओचा फ्यूज काढल्यावर २५.

टेस्टलॅम्प:
म्हणजे ४८ तासांत २० एएच, अर्ध्याहून जास्त बॅटरी रिकामी. लाल वायर पिवळीपासून सोडवा आणि सिगारेट लायटरच्या लाइनवरून घ्या. आधी मीटरने बघा, कारण काही गाड्यांत तो सॉकेट चावीशिवायही चालू असतो. फ्यूज बॉक्समधून घेणार असाल तर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा लाइन काढून देणारा जोड) वापरा, त्यात ५ अँपिअर पुरे. नंतर परत मोजा. तरीही जास्त दिसलं तर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये चावी काढल्यावर किती वेळ झोपून राहायचं ते बघा. बऱ्याच अँड्रॉइड युनिटना पूर्ण बंद व्हायला तास लागतात.

काळी_वायर:
फ्यूजचा मामला वेगळा आहे. गाडीच्या कपलरमध्ये पार्किंग लाइटबरोबर जिवंत होणारी एक वायर असते, ती स्टिरिओच्या नारिंगी वायरला जायला हवी. ती काळीला जोडली असेल किंवा उघडं टोक स्टिरिओच्या पत्र्याला टेकत असेल, तर लाइट लावताच थेट शॉर्ट.

वायर जोडलेली आहे हे सांगणाऱ्या मीटरच्या बीपवर इथे विश्वास ठेवू नका. थंड असताना ५ वॅटच्या बल्बचा रोध जेमतेम दोन-तीन ओहम असतो आणि असे चार-सहा बल्ब पॅरललमध्ये आहेत, त्यामुळे सगळं ठीक असलं तरी अर्थशी बीप वाजणारच. त्यापेक्षा हेडलाइटचा जुना एच४ बल्ब घ्या, एक फिलामेंट गेलेला असला तरी चालेल. फ्यूज काढून त्याच्या जागी दोन वायरींनी बल्ब जोडा, पार्किंग लाइट लावा. पूर्ण प्रखर पेटला तर शॉर्ट आहे. आता स्टिरिओमागचा कपलर काढा. बल्ब एकदम मंद झाला तर दोष स्टिरिओच्या जोडणीत, तसाच राहिला तर गाडीच्या हार्नेसमध्ये (वायरिंगच्या जुडग्यात). तेव्हा स्टिरिओच्या ब्रॅकेटच्या स्क्रूखाली चिमटलेली वायर शोधा. आणि १० चा फ्यूज उडतो म्हणून २० चा टाकू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळेल.

घाटरस्ता:
कपलर काढताच मंद झाला. गाडीच्या बाजूची लाल-पांढरी वायर काळ्यांच्या गुच्छात पिळलेली होती. वेगळी केली, फ्यूज टिकतोय.

काळी_वायर:
छान. तिथेच आहात तर स्पीकरच्या वायरीही बघून घ्या. हे स्टिरिओ दोन्ही वायरींवर सुमारे ६ व्होल्ट ठेवतात, म्हणून स्पीकरची निगेटिव्ह कधीच बॉडीला जोडायची नाही. कपलर काढून प्रत्येक स्पीकरची वायर ते बॉडी असं मोजा, मीटरने 'उघडं' दाखवायला हवं. एखादी टेकली असेल तर आउटपुटची आयसी जाते.

टेस्टलॅम्प:
आणि ती टेप काढून टाका. उन्हात डॅश तापला की गोंद सुटतो आणि जोड उघडे पडतात. सोल्डर किंवा क्रिम्प (धातूच्या नळीत दाबून जोड) करून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. गाडीच्या मॉडेलचा अडॅप्टर हार्नेस मिळाला तर उत्तम. पिवळ्या आवरणातल्या वायरींना मात्र टेस्ट लॅम्प लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.